न दिसणाऱ्या रंगाची किंमत

दोन साप शेजारी शेजारी ठेवलेत असं समजा. दोन्ही कॉर्न स्नेक, एकाच वयाचे, दोघांच्या अंगावर तेच तांबूस पट्टे आणि पट्ट्यांना तीच काळी किनार. भिंग घेऊन बसलात तरी फरक सापडणार नाही. पण पाळीव सापांच्या बाजारात यातला एक दुसऱ्यापेक्षा महाग असू शकतो. महागड्या सापाच्या डब्यावर एवढंच लिहिलेलं असतं: 'हेट अल्बिनो'. अर्थ असा की हा साप स्वतः अल्बिनो नाही, पण त्याची पुढची पिढी अल्बिनो निघू शकते. गिऱ्हाईक जास्तीचे पैसे मोजतं ते डोळ्यांना दिसणाऱ्या सापासाठी नाहीच. ते पैसे त्याच्या आईबापांबद्दल विकणाऱ्याने दिलेल्या माहितीचे असतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. न दिसणारी वस्तू विकणं आमच्या धंद्यात नवं नाही. पण जिवंत प्राण्याच्या आत दडलेला रंग, तोही अजून जन्माला न आलेल्या पिल्लाचा, विकत कसा घेतला जाऊ लागला, हे शोधायला बसलो तेव्हा एक मोठी गोष्ट हाती लागली. तिच्यात त्वचारोगाचा डॉक्टर आहे, पश्चिम आफ्रिकेतली खेडी आहेत, कॉलेजची मुलं आहेत आणि शेवटी आपला मुंबई विमानतळही आहे. सुरुवात मात्र जपानमध्ये होते.

सरस्वतीचे पांढरे दूत

जपानमध्ये हिरोशिमाच्या जवळ इवाकुनी नावाचं शहर आहे. तिथे सापडणारा जपानी रॅट स्नेक आपल्या धामणीसारखा: बिनविषारी, उंदरांवर जगणारा, माणसांच्या वस्तीजवळ राहणारा. रंगाने हिरवट-तपकिरी. पण इवाकुनीत पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातीचे पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे साप दिसत आले आहेत. भाताच्या कोठारांत उंदीर असत, उंदरांमागे साप येत, आणि पांढरा साप दिसला की लोक त्याला हात लावत नसत. तो बेन्झाइतेन देवीचा दूत. ही बेन्झाइतेन म्हणजे मुळात आपली सरस्वती, बौद्ध धर्मासोबत चीनमार्गे जपानला पोचलेली. १९२४ साली जपान सरकारने या सापांना 'नैसर्गिक स्मारक' म्हणून संरक्षण दिलं.

इथे कुणीही नर-मादी निवडून जोड्या लावल्या नव्हत्या. लोकांनी फक्त पांढऱ्या सापाला मारलं नाही. रानात पांढरा साप घारीला लांबून दिसतो, कोठारात त्याला धोका कमी. आणि दोन पांढरे साप एकत्र आले की सगळी पिल्लं पांढरी. का, ते आता बघू.

एक बिघडलेली प्रत

शाळेत आपण मेंडेलचे वाटाणे शिकलो. १८६६ साली त्याचा निबंध छापून आला, जवळजवळ कुणी वाचला नाही, आणि १९०० साली तो पुन्हा उजेडात आला. त्यानंतर इंग्लंडमध्ये विल्यम बेटसनने या नव्या शास्त्राला शब्द पुरवले. 'हेटरोझायगोट' हा त्यातलाच एक, १९०२ चा. सापवाल्यांनी त्याचा शेपटाकडचा भाग छाटला आणि 'हेट' उरला.

अप्रभावी गुण म्हणजे दुबळा गुण, असा आपला समज असतो. प्रकार वेगळाच आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. मेलॅनिन, म्हणजे काळं-तपकिरी रंगद्रव्य, बनवण्यासाठी लागणाऱ्या एखाद्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम भागवते. एक सर्व्हर बंद पडला, बॅकअपवर साइट चालू राहिली, तसं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तेव्हाच काळा रंग गायब होतो. म्हणून हेट साप दिसायला अगदी साधा असतो. आणि म्हणूनच दोन अल्बिनोंच्या पोटी अल्बिनोच येतात. दोघांकडेही द्यायला चांगली प्रत नसते.

सापांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. आपल्या कातडीचा रंग मुख्यतः मेलॅनिनवर चालतो. सापाच्या कातडीत मात्र तीन प्रकारच्या रंगपेशी असतात. एका प्रकारात काळं-तपकिरी, दुसऱ्यात पिवळं-लाल आणि तिसऱ्यात प्रकाश परावर्तित करणारे बारीक स्फटिक. त्यामुळे अल्बिनो कॉर्न स्नेक पांढरा होत नाही. काळं जातं, तांबडं-नारिंगी उरतं. आगीच्या ज्वाळेसारखा साप तयार होतो. पुढचा सगळा बाजार उभा राहिला तो यावरच. रंग एकेक करून काढता येत होते.

व्हॅल्डोस्टाचे डॉक्टर

१९५३ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एक अल्बिनो कॉर्न स्नेक सापडला. नर. तो बर्नार्ड बेक्टेल यांच्यापर्यंत पोचला. बेक्टेल हे जॉर्जिया राज्यातल्या व्हॅल्डोस्टा गावचे त्वचारोगतज्ज्ञ. कातडीतल्या रंगद्रव्याचा बिघाड हा त्यांच्या रोजच्या कामाचाच विषय, फक्त पेशंट माणसं.

नवीन अल्बिनो साप हवे तर करायचं काय? दुसरा अल्बिनो हातात नव्हता. म्हणून नराची जोडी साध्या मादीशी लावली. पिल्लं सगळी साधी निघाली. मेंडेल माहीत नसलेला माणूस इथे थांबला असता. पण ही साधी पिल्लं म्हणजे सगळीच्या सगळी हेट होती. ती मोठी व्हायची वाट बघायची आणि मग भावाबहिणींची आपसात जोडी लावायची. कॉर्न स्नेक वयात यायला दोन-तीन वर्षं घेतो. १९६१ साली बंदिवासात जन्मलेले पहिले अल्बिनो कॉर्न स्नेक अंड्यांतून बाहेर आले. बर्नार्ड आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी १९६२ साली 'कोपिया' या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला.

साप सापडल्यापासून आठ वर्षं. आपल्याकडे दोन आठवड्यांचा स्प्रिंट लांबला तर मीटिंग लागते.

बेक्टेल दांपत्याला सिद्ध करायचं होतं ते एवढंच, की सापातला अल्बिनिझमही मेंडेलच्या नियमाने चालतो. पण त्यांनी नकळत एक कृती लिहून ठेवली होती: विचित्र रंगाचा एक साप पकडा, साध्याशी जोडी लावा, थांबा, घरातल्या घरात जोडी लावा, पुन्हा थांबा. शास्त्रज्ञांच्या प्रयोगाची ही पद्धत पुढे शौकिनांच्या गॅरेजमध्ये आणि तळघरात गेली.

पुढची पायरीही लवकरच चढली गेली. नैर्ऋत्य फ्लोरिडात असे कॉर्न स्नेक मिळत ज्यांच्यात तांबडा रंगच नव्हता, काळे-करडे साप. हाही अप्रभावी गुण, पण वेगळ्या जनुकाचा. मग कुणाच्या तरी डोक्यात आलंच: एकातून काळा काढलाय, दुसऱ्यातून तांबडा, दोन्ही एकाच सापात काढले तर? अल्बिनो आणि करडा यांची जोडी लावली की पहिली पिढी पुन्हा साधी, रानातल्यासारखी. दुसऱ्या पिढीत सरासरी १६ पैकी ९ साधे, ३ अल्बिनो, ३ करडे आणि १ असा, ज्यात काळंही नाही, तांबडंही नाही. गुलाबीसर पांढरा. त्याला नाव मिळालं 'स्नो'. रानात असा साप जन्माला यायची शक्यता जवळजवळ नाही. हा वहीतल्या तक्त्यावर आधी तयार झाला, अंड्यात नंतर.

६६ टक्के साप

आता त्या लेबलाकडे परत येऊ. अल्बिनोचं साधं दिसणारं पिल्लू शंभर टक्के हेट असतं, त्यात वाद नाही. पण दोन हेट सापांची जोडी लावली तर? सरासरी चारातलं एक पिल्लू अल्बिनो, ते ओळखू येतं. उरलेली तीन साधी. त्या तिघांतली दोन हेट आहेत, एक नाही. कुठली दोन, ते कुणालाच माहीत नाही. म्हणून बाजारात तिघांवरही एकच लेबल लागतं: '६६ टक्के हेट'.

साप अर्थातच ६६ टक्के काही नसतो. तो एकतर हेट आहे किंवा नाही. टक्केवारी सापाची नाही, आपल्या अज्ञानाची आहे. आणि तीही विकली जाते.

हे अज्ञान कमी करायचा एकच मार्ग पूर्वी होता. सापाला वाढवा, अल्बिनोशी जोडी लावा, अंडी उबवा. एक जरी अल्बिनो पिल्लू निघालं तर प्रश्न मिटला, साप हेट आहे. पण सगळी साधी निघाली तर? समजा सहा अंडी होती. हेट असूनही सहाच्या सहा पिल्लं साधी निघण्याची शक्यता ६४ मध्ये १. हिशेब केला तर त्या सापावरचे ६६ टक्के घसरून ३ टक्क्यांवर येतात. कमी झाले, पण शून्य झाले नाहीत. आणखी एक वीण, आणखी घसरण, तरीही शून्य नाही. आहे हे एका पिल्लाने सिद्ध होतं. नाही हे कितीही पिल्लांनी पूर्णपणे सिद्ध होत नाही. टेस्टिंग करणाऱ्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको.

ही आकडेमोड सापांपुरती नाही. थॅलॅसेमिया मेजर असलेल्या मुलाचं निरोगी भावंडं 'मायनर', म्हणजे वाहक, असण्याची शक्यताही तीच, तीनात दोन. आईबाप दोघेही वाहक, दोघेही ठणठणीत, आणि दर गरोदरपणात चारात एक धोका. महाराष्ट्रात सिंधी, लोहाणा, कच्छी अशा काही समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे, म्हणून तिथे लग्नाआधी रक्ततपासणीचा आग्रह धरला जातो. आपल्याला साध्या रक्ततपासणीत उत्तर मिळतं, दोन पिढ्या थांबावं लागत नाही. बाकी गणितात सापाच्या डब्यावरचं लेबल आणि लॅबचा रिपोर्ट एकाच पानावर आहेत.

म्हणूनच हा सगळा धंदा वहीवर चालायचा. कुणाची जोडी कुणाशी, अंडी कधी घातली, कुठल्या पिल्लाचा बाप कोण. वही खोटी असली तर साप खोटा. गिऱ्हाइकाला फसवणूक कळेपर्यंत तीन-चार वर्षं गेलेली असत.

लाखोंतला एक

कॉर्न स्नेकने पद्धत दिली. पैसा आणला अजगरांनी.

१९८० च्या दशकात थायलंडमधून अल्बिनो बर्मीज पायथन अमेरिकेत पोचले. ही अजगराची जात आपल्या ईशान्य भारतातही आहे. ओक्लाहोमातल्या बॉब क्लार्क यांनी १९८६ साली बंदिवासातले पहिले अल्बिनो बर्मीज पायथन जन्माला घातले. पिवळाजर्द, जाडजूड, शांत साप. टीव्हीवर, मासिकांत, स्टेजवर नाचणाऱ्यांच्या गळ्यात दिसणारा पिवळा अजगर बहुधा हाच.

पण बाजाराचा खरा राजा ठरला बॉल पायथन. घाबरला की अंगाचा चेंडू करतो, म्हणून बॉल. शास्त्रीय नाव पायथन रेजियस, म्हणजे राजेशाही. मूळ घर घाना, टोगो, बेनिन हा पश्चिम आफ्रिकेचा पट्टा. बेनिनमधल्या विदा शहरात कॅथेड्रलच्या समोरच या सापांचं मंदिर आहे. तिथे तो पूजनीय, त्याला मारत नाहीत. त्याच प्रदेशातून १९७५ पासून ३० लाखांहून अधिक बॉल पायथन कायदेशीरपणे परदेशी गेले आहेत. नेहमीची पद्धत अशी: स्थानिक शिकारी बिळांतून गाभण माद्या आणि अंडी गोळा करतात, व्यापारी अंडी उबवतात, पिल्लं जहाजाने-विमानाने अमेरिका-युरोपला जातात.

या आकड्याचा आणि अप्रभावी रंगाचा थेट संबंध आहे. दोन्ही प्रती बिघडलेला साप रानात हजारोंतून एखादाच जन्माला येतो. तो शोधायचा तर हजारो साप बघायला हवेत. आमच्या भाषेत ब्रूट फोर्स सर्च. निर्यातीसाठी उबवलेल्या अंड्यांच्या ढिगाने हे काम आपोआप केलं. साध्या पिल्लांना किंमत किरकोळ. त्यांच्यातून निघालेल्या एखाद्या वेगळ्या रंगाच्या पिल्लासाठी अमेरिकन ब्रीडर हजारो डॉलर घेऊन उभे. ढिगातल्या उरलेल्या सापांचं काय झालं, हा प्रश्न त्या काळच्या यशोगाथांमध्ये सहसा येत नाही.

१९९२ साली बॉब क्लार्क यांनीच बॉल पायथनचा अल्बिनो अप्रभावी असल्याचं पैदाशीतून सिद्ध केलं. १९९७ साली पीट काल यांनी 'पाइबॉल्ड' सिद्ध केला. अर्धा साप नेहमीसारखा, अर्धा कागदासारखा पांढरा, जणू प्रिंट करताना शाई संपली. दोन्ही वेळी तोपर्यंत कुणालाच खात्री नव्हती की हा रंग वारशाने येतो की अंड्यात काही बिघडल्यामुळे आलेला योगायोग आहे. आणि बॉल पायथनची परीक्षा कॉर्न स्नेकपेक्षा कठीण. मादी वयात यायला तीन-चार वर्षं लावते आणि एका वेळी सरासरी सहाच अंडी घालते. दोन हेट सापांच्या सहा अंड्यांतून एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता १८ टक्के. कॉर्न स्नेकच्या पंधरा अंड्यांत तीच शक्यता दीड टक्क्याहून कमी. चार वर्षं थांबून नुसती साधी पिल्लं बघणारे लोक होते, आणि त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं, फक्त नशीब.

थांबण्याचा वेळ वाचवायची एक युक्ती सगळे वापरत. नर मादीपेक्षा लवकर वयात येतो. म्हणून अल्बिनो मादीचा हेट मुलगा मोठा झाला की त्याचीच जोडी आईशी लावायची. निम्मी पिल्लं अल्बिनो. वहीत हे 'बॅकक्रॉस' म्हणून एका ओळीत मावतं.

स्वतःची किंमत स्वतःच पाडणारी वस्तू

अल्बिनो सापाची एक आर्थिक अडचण आहे. ज्याला तो विकला, त्याला तो बनवण्याचा कारखानाही विकला. घेणारा दोन विणींत स्वतः विक्रेता होतो. पहिल्या वर्षी हजारो डॉलरना गेलेला रंग दहा-पंधरा वर्षांत सामान्य पाळीव प्राण्याच्या किमतीवर येतो. अल्बिनो कॉर्न स्नेक आज कुणालाही परवडतो.

मग ब्रीडरने काय करायचं? नवा रंग शोधायचा किंवा जुन्या रंगांची थर लावत बेरीज करायची. दोन अप्रभावी गुण एकत्र हवे तर १६ अंड्यांत १, तीन हवे तर ६४ मध्ये १. बॉल पायथनच्या अशा हजारो रंग-नक्षी आज नोंदलेल्या आहेत. त्या एकाच्या शोधात ६३ दुसरीही जन्माला येतात, हे गणितातच आहे. आणि बॉल पायथन बंदिवासात वीस-तीस वर्षं सहज जगतो.

दडलेला दोष आणि दिसणारा दोष

अशा घरातल्या घरात जोड्या लावण्याचा धोका उघड आहे. हवा असलेला अप्रभावी रंग एकत्र येतो, तसे नको असलेले अप्रभावी दोषही एकत्र येतात. कॉर्न स्नेकच्या 'सनकिस्ड' नावाच्या रंगाच्या घराण्यात असंच झालं. काही पिल्लं अंड्यातून बाहेर आली ती डोकं वर फेकत, तोल जाऊन उलटी होत. आकाशाकडे बघतात म्हणून या दोषाला नाव पडलं 'स्टारगेझर'. हाही अप्रभावी. म्हणजे साधे दिसणारे, निरोगी वाहक साप बाजारभर पसरलेले असणार.

यावर कॉर्न स्नेक ब्रीडरांनी जे केलं ते मला या इतिहासातलं सगळ्यात चांगलं पान वाटतं. रंग शोधायला वापरलेली तीच जुनी पद्धत त्यांनी उलटी चालवली. संशयित सापांच्या चाचणी-जोड्या लावल्या, वाहक निघाले ते पैदाशीतून काढले, आणि बाकीच्यांवर 'चाचणी केलेला' असं लेबल लावायला सुरुवात केली. रंग आणि दोष वेगवेगळ्या जनुकांचे होते, त्यामुळे एक ठेवून दुसरा वगळता येत होता.

आता बॉल पायथनचा 'स्पायडर' बघा. १९९९ साली न्यू हॅम्पशायरमधल्या केव्हिन मकर्ली यांनी ही नक्षी वारशाने येते हे सिद्ध केलं. पिवळ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा. हा गुण अप्रभावी नाही; एकच प्रत पुरते. म्हणजे थांबणं नाही, हेट नाही, पहिल्याच विणीत निम्मी पिल्लं स्पायडर. धंद्याला याहून सोयीचं काय?

पण स्पायडर सापांचं डोकं डुलतं. कुणाचं थोडं, कुणाचं इतकं की उंदरावर झेप घेताना नेम चुकतो. दोष नक्षीपासून वेगळा करायचे प्रयत्न झाले, जमले नाहीत. जिथे नक्षी, तिथे तोल गेलेला. २०२२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी सीटी स्कॅन करून दाखवलं की या सापांच्या आतल्या कानाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या अवयवाची, रचनाच बिघडलेली असते. ब्रिटनच्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने २०१८ पासून आपल्या प्रदर्शनांत स्पायडर विकायला बंदी केली. विक्री जगभर थांबली मात्र नाही.

आपण समजतो की लपलेला दोष जास्त धोकादायक, कारण तो दिसत नाही. इथे उलटं झालं. जो दोष दिसत नव्हता त्याच्यासाठी लोकांनी वह्या उघडल्या, चाचण्या केल्या, तोटा सोसला. जो पहिल्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर डुलत होता, तो वीस वर्षं विकला गेला. 'नीट खातो-पितो, त्याला काही त्रास नसतो,' असं म्हणत. स्टारगेझर काढून टाकला तर हातात सनकिस्ड उरत होता. स्पायडरमधला दोष काढायचा तर स्पायडरच सोडावा लागत होता. फरक माहितीचा नव्हता. सगळं माहीत असताना काय सोडायची तयारी आहे, त्याचा होता.

कात पाठवा

अलीकडच्या दहा-बारा वर्षांत या कथेत प्रयोगशाळा परत आली. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्बिनो कॉर्न स्नेकचा नेमका बिघाड शोधला. ओसीए२ नावाच्या जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा, स्वतःच्या प्रती काढून कुठेही घुसणाऱ्या तुकड्यांपैकी एक, येऊन बसला होता. याच जनुकातल्या बिघाडाने माणसातही अल्बिनिझमचा एक प्रकार होतो. त्वचारोगाच्या डॉक्टरने साप हातात घेतला होता, तो अगदीच आडवळणाने नव्हे.

२०२२ साली मिशिगनमधल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाने आणखी साधी वाट धरली. साप कात टाकतोच आणि कातीत डीएनए असतो. त्यांनी साप पाळणाऱ्यांकडून बॉल पायथनच्या काती मागवल्या आणि विद्यार्थ्यांनी त्या तपासल्या. कळलं असं की 'अल्बिनो' आणि 'लॅव्हेंडर अल्बिनो' हे दिसायला भाऊभाऊ असले तरी वेगवेगळ्या जनुकांचे बिघाड आहेत. ब्रीडरांना हे अनुभवाने आधीच ठाऊक होतं, कारण या दोन अल्बिनोंची जोडी लावली की पिल्लं चक्क साधी, गडद निघतात. प्रत्येक जण दुसऱ्याची बिघडलेली प्रत भरून काढतो. २०२३ साली पाइबॉल्डचंही जनुक सापडलं, टीएफईसी. सरड्यांमध्ये तेच जनुक मुद्दाम बिघडवून खात्रीही करून घेतली.

याचा परिणाम असा की आता कातीचा तुकडा पाकिटात घालून पाठवला की काही रंगांपुरतं तरी थेट उत्तर मिळतं. हेट आहे किंवा नाही. ६६ टक्क्यांचं लेबल संपू शकतं, तीन वर्षांची वाट संपू शकते, नुसत्या पडताळणीसाठी जन्माला घातलेली पिल्लंही. जे स्टारगेझरबाबत इतक्या कष्टाने केलं, ते पोस्टाने होऊ शकतं. स्पायडरचा प्रश्न मात्र पोस्टाने सुटणार नाही.

बिस्किटांचा पुडा

आपल्याकडे नाग, धामण, अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. सर्पमित्रांना अधूनमधून रंगहीन नाग सापडतो, बातमी येते, साप वनखात्यामार्फत सोडला जातो. परदेशी सापांबाबत मात्र कायदा बरीच वर्षं गप्प होता. २०२० साली केंद्राने असे प्राणी बाळगणाऱ्यांना स्वतःहून माहिती द्यायला सांगितलं, आणि २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी कायद्यात आली. बॉल पायथन त्या यादीत आहे. कॉर्न स्नेक नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाला अडवलं. सामानात केक-बिस्किटांची पाकिटं होती. त्यांत ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. या लेखातल्याच दोन जाती.

ते अकरा साप कुठल्या घराण्याचे, कुणाचे हेट, कोणत्या चाचणीतून गेलेले, हे बिस्किटाच्या पुड्यावर लिहिलेलं नसतं. बेक्टेल यांच्यापासून पुढे सत्तर वर्षं जी वही लोकांनी सांभाळली, तिच्यावरच या सापांची किंमत ठरते, आणि तस्करीत सगळ्यात आधी तीच वही गळून पडते. वही नसली की हेट आणि साधा यांत काही फरक उरत नाही. उरतो तो थंडीने आखडलेला, चेंडू करून बसलेला एक साप. त्याला परत पाठवायचं की ठेवायचं, आणि कुणी सांभाळायचं, हे ठरवायला त्याच्या रंगाचा काहीही उपयोग नसतो.